गरोदरपणात मासे खावेत का? खावेत, पण सुरमईच्या आधी बांगडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेर रत्नागिरीचं, सासर कोथरूडचं आणि शाकाहारी. चौथा महिना चालू आहे. आई फोनवर सांगते, मासे खा, बाळ हुशार होईल. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, माशांत पारा असतो, नऊ महिने नावही काढू नकोस. सासूबाईंच्या मते मासे उष्ण. शिवाय जाऊबाईही गरोदर आहेत, त्या अंडंसुद्धा खात नाहीत, मग त्यांच्या बाळाच्या मेंदूचं काय, असंही विचारलं आहे.

मी पुण्यात गर्भवती आणि बाळंतिणींच्या आहाराचंच काम करते, त्यामुळे हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येतो. आधी उत्तर सांगून टाकते. मासे खा. आठवड्यातून दोन ते तीन वेळा खा, आकाराने लहान, ताजे आणि पूर्ण शिजवलेले खा. मोरी (म्हणजे शार्क) आणि मोठा कुपा (ट्यूना) या दिवसांत नको. सुरमई कधीतरी. बाळ हुशार होईल अशी हमी मी देणार नाही, तशी कोणी देत असेल तर त्यांच्याकडून काही विकत घेऊ नका. आणि जाऊबाईंचं बाळ माशांवाचून अडणार नाही. त्यांनी काय पाहायचं ते पुढे येईलच.

आता पाऱ्याचं. मैत्रीण खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते. कोळसा जळतो, खाणी-कारखाने चालतात, त्यातून पारा हवेत जातो आणि पाण्यात उतरतो. तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात, मग इवल्याशा जिवांत, मग लहान माशात, मग लहान माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशात जातो, आणि प्रत्येक पायरीवर साठत जातो. पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन जेमतेम दोन-तीन वर्षं जगणारा बांगडा आणि वर्षानुवर्षं दुसरे मासे खाऊन वाढलेली मोरी यांच्यातल्या पाऱ्यात म्हणूनच कितीतरी पटींचा फरक पडतो. हा पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. हळद-मीठ लावून चार पाण्यांनी धुतला, कातडी सोलली, आगळात मुरवला, कडक तळला, तरी तो जात नाही. त्यामुळे जी काही निवड करायची ती बाजारातच.

बाळाच्या बाबतीत एवढी काळजी का, तर मिथाइल पारा वारेतून आरपार जातो आणि नाळेच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त भरतं. जपानमधल्या मिनामाटा गावात कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत सोडलं जात होतं. १९५६ साली तिथला आजार उघडकीला आला. ज्या आयांना स्वतःला फारसं काही झालेलं नव्हतं, त्यांच्याही पोटी गंभीर अपंगत्व घेऊन मुलं जन्मली. पाऱ्याची भीती जगभर पसरली ती तिथून, आणि ती अनाठायी नव्हती. पण मिनामाटाची खाडी म्हणजे विषाचं साठवणच झालेलं होतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणारा बांगडा त्या हिशेबात बसत नाही.

रोजच्या खाण्यातल्या माशांचं काय होतं हे पाहायला पुढे मोठे अभ्यास झाले, आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या मुलांना सातव्या वर्षी तपासलं, तेव्हा आईच्या अंगातला पारा जास्त असेल तर मुलाची एकाग्रता, भाषा आणि स्मरणशक्ती जराशी कमी दिसली. हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये बायका आठवड्याला बारा-बारा वेळा मासे खातात, तिथे मुलांवर असा ठाम वाईट परिणाम सापडेना. फरक ताटात होता. फेरोमधला पारा मुख्यतः देवमाशाच्या मांसातून येत होता, त्यात इतर प्रदूषकंही होती. सेशेल्समधल्या बायका समुद्रातले निरनिराळे मासे खात होत्या, आणि त्या माशांतून पाऱ्याबरोबर मेंदूला लागणाऱ्या गोष्टीही मिळत होत्या.

तिसरा अभ्यास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, १९९१-९२ च्या बाळंतपणांचा. सुमारे १२ हजार गर्भवतींच्या खाण्याची नोंद ठेवली होती आणि मुलं आठ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासळी खाणाऱ्या आयांची मुलं भाषिक बुद्ध्यांकात तळाच्या गटात जास्त सापडली. म्हणजे अमेरिकेत गर्भवतींना ज्या मर्यादेच्या आत राहा असं सांगितलं जात होतं, त्या मर्यादेच्या आत राहिल्यानेच काही बाळांचं नुकसान होत असावं. अमेरिकेत २००१ साली पाऱ्याबद्दल सरकारी इशारा निघाला, तेव्हा तिथल्या गर्भवतींनी धोक्याचे चार मासे सोडण्याऐवजी एकूणच मासे कमी केले. नंतर सल्ला बदलला. आता तिथे किमानही सांगतात: आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, कमी पारा असलेल्या माशांतून.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या आहाराच्या नोंदी पाहिल्या तर पुण्यातही हेच दिसतं. माशामुळे काही बिघडलं अशी बाई क्वचित येते. ‘कोणीतरी सांगितलं म्हणून बंद केले’ अशा भरपूर येतात, आणि बंद केलेल्या माशांच्या जागी काय आलं विचारलं की बहुधा बिस्किटं निघतात.

आता आपल्या बाजाराकडे येऊ. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जा, कॅम्पातल्या शिवाजी मार्केटला जा किंवा हल्ली घरपोच मासळी आणणाऱ्या ॲपवर बघा, पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते पापलेट आणि सुरमई. किमतीमुळे आपल्याला वाटतं, हेच पौष्टिक असणार. गरोदरपणात नेमकी उलटी गंमत आहे. मेंदूच्या बांधणीत लागणारं डीएचए हे ओमेगा-३ मेद भरपूर असतं ते बांगडा आणि तारली यांच्यासारख्या तेलकट माशांत. तारली म्हणजे तुमच्या माहेरचे पेडवे. शिवाय बी-१२, आयोडीन, सेलेनियम, थोडं ड जीवनसत्त्व, उत्तम प्रथिनं, आणि पारा कमी. किंमत पापलेटच्या एका तुकड्यापेक्षाही कमी. मांदेली काट्यासकट कुरकुरीत खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं. बोंबील, मुडदुशी, कोळंबी चालतील. पापलेटमध्ये पारा कमीच, खुशाल खा, फक्त ते खाल्लं म्हणजे बांगड्याचं काम झालं असं समजू नका. रावस, हलवा मधूनमधून ठीक.

बांगड्याबद्दल एक खुलासा करावाच लागतो, कारण तो हकनाक बदनाम झालाय. परदेशी यादीत ‘किंग मॅकरेल’ गर्भवतीने टाळावा असं असतं. बांगड्याला इंग्रजीत इंडियन मॅकरेल म्हणतात, म्हणून मोबाईलवर ती यादी वाचून बायका बांगडा सोडतात आणि हौसेने सुरमई खातात. खरं तर किंग मॅकरेल हा सुरमईचा भाऊबंद. मोठा आणि शिकारी. बांगडा त्या यादीत नाही. सुरमईही काही विष नाही, पण चार-पाच किलोच्या सुरमईची जाडजूड तुकडी दर रविवारी खाण्याचे हे दिवस नव्हेत. लहान सुरमई असेल तर महिन्यातून एखाद-दोनदा, असं मी सांगते.

हे मुद्दाम लांबवलं, कारण तुमच्या परिस्थितीत एक खाचखळगा मला दिसतो. सासर शाकाहारी असलं की मासे घरात शिजत नाहीत, मग नवराबायको रविवारी मालवणी खानावळीत जातात आणि सुरमई थाळी मागवतात. महिन्याकाठी पोटात गेलेला सगळा मासा सुरमईचाच! तिथेच बांगडा थाळी मिळते, ती मागवा, पैसेही वाचतील. शक्य असेल तर गॅलरीत एक इंडक्शन शेगडी, वेगळा तवा आणि वेगळं पातेलं अशी सोय करा. शेगडी घराबाहेर गेली की सासूबाईंचा विरोध बराच मावळतो, असा माझा अनुभव आहे. वासाने मळमळत असेल तर जबरदस्ती नको. चौथ्या-पाचव्या महिन्यात बहुतेकींना वास पुन्हा सोसायला लागतो.

मोरी आणि मुशी, म्हणजे शार्कची पिल्लं असोत की मोठी, गरोदरपणात नको. मोठा कुपा, घोळीसारखे धिप्पाड मासे, मोठी वाम हेही बाजूला ठेवा. आधी चुकून खाल्लं असेल तर रडत बसू नका. पारा शरीरात कायमचा राहत नाही, साधारण दीड-दोन महिन्यांत निम्मा उतरतो. प्रश्न सवयीचा असतो, एका जेवणाचा नसतो.

गोड्या पाण्यातल्या माशांबद्दलही विचारतात. रोहू, कटला, मरळ, उजनीकडून येणारी चिलापी हे सगळे प्रथिनं आणि बी-१२ साठी चांगले. डीएचए आणि आयोडीन मात्र समुद्री तेलकट माशाच्या मानाने कमी. बासाचे गोठवलेले पांढरेशुभ्र काप हॉटेलांत सर्रास मिळतात. त्यात काटा नाही, वास नाही आणि ओमेगा-३ जवळजवळ नाही. खायला हरकत नाही, अपेक्षा ठेवू नका. मुळा-मुठेत शहराच्या खालच्या अंगाला गळ टाकून पकडलेला मासा कोणी आणून दिला तर मात्र सरळ नको म्हणा. त्या पाण्याचा रंग आपण पुलावरून रोज पाहतोच.

प्रमाण सांगताना ग्रॅममध्ये बोललं की कोणाच्या लक्षात राहत नाही. किलोला पाच-सहा बसतात असा मध्यम बांगडा घ्या. डोकं, आतडी, काटे गेले की खायला साधारण १०० ग्रॅम उरतो. आठवड्यात असे तीन बांगडे, तीन वेगळ्या दिवशी, की हिशेब झाला. एका दिवशी तीन खाऊन आठवडाभर काही नाही, असं मात्र नको.

पुण्यात मासा किनाऱ्यावरून घाट चढून येतो, म्हणून ताजेपणा पाहण्यात आळस करू नका. कल्ला उचलून आत बघा: लाल किंवा गडद गुलाबी हवा, तपकिरी-राखाडी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. पोटाशी बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. बांगडा आणि कुपा यांच्या बाबतीत हे जास्तच जपायचं, कारण बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं असं झालं की लोक म्हणतात मासे बाधले, मासे उष्ण. पुष्कळदा तो मासा शिळा असतो. नीट गोठवलेला मासा शिळ्या ‘ताज्या’पेक्षा कधीही बरा.

शिजवण्याचं म्हणाल तर तुमच्या आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं, तिरफळ आणि कोकम घातलेलं, याहून चांगली रीत मला माहीत नाही. तेल कमी, पूर्ण शिजलेलं, आणि रस्सा भातात जातो म्हणून काही वाया जात नाही. रवा लावून तव्यावर थोड्या तेलात परतलेलाही चालेल. कच्च्या माशाची सुशी, थंड स्मोक्ड मासा हे प्रकार आता बाणेर-कोरेगाव पार्कात सहज मिळतात. गरोदरपणात ते नकोत, लिस्टेरियासारख्या जंतूंचा धोका असतो आणि त्यातून गर्भपातापर्यंत मजल जाऊ शकते. तिसऱ्या, कालवं ही शिंपल्यांतली मासळी चांगल्या ठिकाणची आणि पूर्ण उघडेपर्यंत शिजलेली असतील तरच. ज्यांना आधीपासून कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांनी प्रयोग करू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

आता हुशारीचं. बाळाच्या मेंदूत डीएचए साठतं ते मुख्यतः शेवटच्या तिमाहीत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. आईच्या खाण्यातून ते मिळालं तर चांगलंच. पण ब्रिस्टलसारख्या अभ्यासांत एक मेख असते: मासे खाणाऱ्या आया बऱ्याचदा अधिक शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या असतात आणि मुलांशी जास्त बोलतात. संशोधक हे सगळं हिशेबात धरतात, तरी पूर्ण वजा करता येत नाही. म्हणून मग नुसत्या डीएचएच्या कॅप्सूल देऊन पाहिलं. ऑस्ट्रेलियात सुमारे २,४०० गर्भवतींवर असा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. दीड वर्षाच्या बाळांच्या आकलनात फरक दिसला नाही. दुसरीकडे, २०१८ साली ७० प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात ओमेगा-३ घेणाऱ्यांत वेळेआधी बाळंतपण होण्याचं प्रमाण कमी दिसलं, विशेषतः ३४ आठवड्यांच्या आतलं. माझ्या लेखी हा फायदा बुद्ध्यांकाच्या दोन-चार गुणांपेक्षा मोठा आहे. पूर्ण दिवसांचं बाळ होणं हीच मेंदूसाठी केवढी तरी कमाई. मासा खाताना पोटात डीएचएबरोबर आयोडीन, बी-१२, लोह, प्रथिनं सगळंच जातं. कॅप्सूलमध्ये एकच गोष्ट असते. हाही फरक धरायला हवा. कॉड लिव्हर ऑइल मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की गरोदरपणात ते जास्त होऊ शकतं.

खरं सांगायचं तर पुण्यात बसून बाळाच्या वाढीबद्दल बोलायचं आणि माशांवरच थांबायचं हे मला पटत नाही, कारण या विषयातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या दारातला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातर्फे १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये गर्भवतींचा आहार, वजन, रक्त आणि नंतर त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. शेतात राबणाऱ्या त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं जेमतेम ४२ किलो. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा लहान आणि हडकुळी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. बाळाचा आकार आईने किती उष्मांक किंवा किती प्रथिनं खाल्ली याच्याशी फारसा जुळला नाही. तो जुळला पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. दोघांचं खा, दोघांचं खा म्हणून साखर-तुपाचा मारा करणाऱ्या घरांनी हे वाक्य फ्रिजवर लावावं.

त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी निघालं. आईचं बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) जास्त अशी जोडी असेल, तर मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. नऊ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या तेव्हा गरोदरपणी बी-१२ अगदी कमी असलेल्या आयांची मुलं एकाग्रतेत आणि तात्पुरतं लक्षात ठेवण्यात मागे पडली. अभ्यास लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे. याचा अर्थ फॉलिक ॲसिड बंद करा असा कोणी काढू नये. बाळाच्या पाठीच्या कण्याचा जन्मदोष टाळायला ते लागतंच. अर्थ एवढाच की जोडीने बी-१२ ही तपासा.

इथे जाऊबाई येतात. मासे नाहीत, अंडं नाही, म्हणजे बी-१२ फक्त दूध-दही-ताकातून, आणि तेवढं बहुतेकींना पुरत नाही. त्यांनी डॉक्टरांना सांगून रक्तातलं बी-१२ तपासून घ्यावं आणि कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं. हे जीवनसत्त्व जिवाणूंपासून बनवतात, मांस-माशांचा संबंध नसतो. गोळीवरची हिरवी खूण पाहून घ्यावी. डीएचएसाठी जवसाची चटणी आणि अक्रोड सगळे सुचवतात. खावेत, चांगलेच आहेत, पण त्यांतलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं. त्याचं डीएचए आपलं शरीर फारच थोडं बनवतं. हवंच असेल तर सागरी शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास, डॉक्टरांना विचारून. माशालाही ते मूळ शेवाळातूनच मिळतं. जाऊबाईंनी ते थेट घेतलं तर मधला दलाल वाचला.

आणि मीठ! यावर मी जरा जास्तच बोलते असं घरचे म्हणतात. आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर थेट परिणाम होतो आणि गरोदरपणात त्याची गरज वाढून दिवसाला २५० मायक्रोग्रॅमवर जाते. मासे न खाणाऱ्या घरात आयोडीनचा मुख्य भरवसा म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. अलीकडे आरोग्याच्या नावाखाली कितीतरी स्वयंपाकघरांत रोजच्या भाजी-आमटीला सैंधव आलंय. पाकिटावर तसं लिहिलं नसेल तर त्यात पुरेसं आयोडीन नाही असंच धरा. उपासाला सैंधव ठेवा, रोजच्या स्वयंपाकाला साधं आयोडीनयुक्त मीठ आणा, आणि ते चुलीजवळ उघडं ठेवू नका. थायरॉइडचा त्रास असेल तर मिठात फेरफार करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

लोहाचं दोन ओळींत सांगते, कारण गोळी तुम्हाला मिळालेलीच असेल. देशात निम्म्याहून जास्त गर्भवती रक्तक्षयी आहेत. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती रोज एक, १८० दिवस. ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका आणि चहाबरोबर तर नकोच, लिंबूपाण्याबरोबर घ्या. जेवणात मासा असेल तर त्याच ताटातल्या पालेभाजीचं लोहही जास्त अंगी लागतं.

पावसाळ्याचा हिशेब आत्ताच करून ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्यामागून श्रावण, मग गणपती. पाळणाऱ्या घरात जूनपासून विसर्जनापर्यंत मासे नाहीत, म्हणजे गरोदरपणाची एक अख्खी तिमाही कोरडी. तुमची शेवटची तिमाही त्यात येत असेल तर आधीच ठरवा: मे महिन्यात चांगल्या ठिकाणचे गोठवलेले बांगडे, बंदीच्या काळात तळ्यातला रोहू, श्रावण पाळायचा असेल तर दूध-दही आणि डॉक्टरांनी सांगितलेलं शेवाळाचं डीएचए. अंडं चालत असेल तर रोज एक. सुकट, जवळा, सोडे हा कोकणाचा बेगमीचा उपाय. चव येण्यापुरता ठीक, पण मीठ प्रचंड असतं. आधी भिजवून पाणी टाका, आणि रक्तदाब वाढलेला असेल तर नकोच.

सासूबाईंच्या ‘उष्ण’ला मी कधी छेद देत बसत नाही. त्यांना विचारा, मग ताकभात आणि सोलकढीबरोबर चालेल का? बहुतेकदा चालतं. मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड उठतं याला काही आधार मिळालेला नाही, पण तुम्हाला ते नको वाटत असेल तर दूध रात्री घ्या, कोणाचं काही अडत नाही. आईच्या मासे खाण्याने बाळाला ॲलर्जी होते हेही खरं नाही.

बाळंतपणानंतर माहेरी गेलात की मोरीचं मटण पुढे येईल, कारण किनाऱ्यावर दूध यायला ते देतात. आईचं मन मोडायचं नसेल तर रस्सा भाकरीबरोबर एकदा चाखा आणि रोजच्यासाठी पेडवे मागा. दूध बाळाच्या पिण्याने येतं, आणि त्या दुधात डीएचए किती हे तुमच्या ताटावर ठरतं, म्हणून अंगावर पाजता तोवर आठवड्याचे ते दोन-तीन मासे चालू ठेवा. सव्वा महिना नुसतं वरणभात-तूप असा दंडक असेल तर मेथी, शेपू, अळिवाची खीर यांची जोड तरी घ्या. सहा महिने पूर्ण झाले की बाळालाही मासा देता येतो: पापलेट किंवा रावसाचा एक तुकडा, तिखट-मीठ न घालता वाफवून, काटा राहिलाय का हे चमच्याने न पाहता बोटांनी चाचपून, मऊ भातात कुस्करून. पहिले दोन-तीन दिवस दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नका आणि मासा सकाळी भरवा, म्हणजे अंगावर काही उठलंच तर डॉक्टर दवाखान्यात असतात.